जंगल आमचं, मग पैसा कुठे जातो? विदर्भातल्या गावांकडून वारंवार येणारे प्रश्न

ग्रामसभांच्या बैठकांत, वनहक्काच्या कार्यशाळांत आणि फोनवर हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कोरचीहून येतात, तसे धारणीहून आणि मेहकरहूनही येतात. जंगल सगळ्यांचं सारखं नाही, म्हणून उत्तरंही सारखी नाहीत. कोणतं उत्तर कोणत्या भागाला लागू पडतं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

१. परिसंस्था सेवा म्हणजे काय? आमच्या भाषेत सांगा.

जंगल उभं असल्यामुळे माणसाला जे जे मिळतं ते सगळं. मोहफूल, तेंदूपान, बांबू, मध, चारा, सरपण, रानभाज्या हा एक भाग. तो हातात येतो, मोजता येतो, बाजारात नेता येतो. दुसरा भाग हातात येत नाही. पाणी मुरतं, नाला दिवाळीनंतरही वाहतो, माती धुपून तलावात जात नाही, झाडं हवेतला कार्बन धरून ठेवतात. तिसरा भाग म्हणजे देवाची जागा, सणाला लागणारी फुलं-पानं आणि वाघ बघायला येणारे पाहुणे. बाजाराला पहिला भाग नीट कळतो, तिसरा थोडाफार कळतो, दुसरा जवळपास कळतच नाही. आणि गावाबाहेरच्या लोकांना सर्वांत जास्त लाभ या दुसऱ्याच भागाचा होतो.

२. पेपरात येतं की अमुक जंगलाची किंमत हजारो कोटी. ते पैसे आम्हाला कोण देणार?

कोणीही नाही, कारण ते पैसे कुठे जमा झालेले नसतात. तो हिशेब असतो. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ मध्ये सहा व्याघ्र प्रकल्पांचा असा हिशेब मांडला. त्यात कॉर्बेटच्या सेवांचं मूल्य वर्षाला सुमारे १,४७० कोटी रुपये निघालं, कान्हाचं सुमारे १,६५० कोटी. २०१९ च्या दुसऱ्या अहवालात आणखी दहा प्रकल्प घेतले, त्यांत आपला मेळघाट आहे. ‘हे जंगल नसतं तर तेवढं पाणी, तेवढा चारा, तेवढी माती दुसरीकडून आणायला किती खर्च आला असता’ अशा पद्धतीने हे आकडे निघतात.

हे आकडे निरुपयोगी मुळीच नाहीत. धरण, खाण किंवा रस्ता यांचा फायदा-तोटा तोलताना जंगलाच्या पारड्यात काहीतरी पडावं, यासाठी ते लागतात. पण मूल्य, भाव आणि उत्पन्न या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल्य अहवालात असतं, भाव व्यापारी सांगतो आणि उत्पन्न तेच, जे ग्रामसभेच्या खात्यात पडतं. पुढची सगळी उत्तरं या तिसऱ्या गोष्टीबद्दल आहेत.

३. गडचिरोलीतल्या गावांना तेंदूतून लाखो मिळतात. आमच्या बुलढाण्यात जंगल आहे, पण काहीच मिळत नाही. असं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं कारण जंगलाच्या जातीचं. गडचिरोलीत आणि दक्षिण चंद्रपूरच्या काही भागात पाऊस भरपूर, जंगल सलग आणि बरंचसं आर्द्र पानझडी. तिथे बांबू आहे, तेंदू दाट आहे. मेळघाट आणि यवतमाळचं जंगल शुष्क पानझडी. बुलढाणा, अकोला, वाशीमकडे ते तुटक आणि खुरटं होत जातं. मधे शेती, मधे माळ. तुमच्याकडे चारा, डिंक, सीताफळ, तरोटा आहे. मालच वेगळा असल्याने व्यापारही वेगळा.

दुसरं कारण इतिहासाचं, आणि याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. पूर्वेकडचे जिल्हे जुन्या मध्य प्रांतातले. तिथे मालगुजारी आणि जमीनदारी होती, म्हणजे सारा वसूल करणारे मालक मधे होते. १९५०-५१ मध्ये ती संपली, जंगलं सरकारजमा झाली, पण लोकांचे सरपण-चराई-बांबूचे हक्क निस्तार पत्रकात लिहिले गेले. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा, आणि मेळघाटसारखं जंगल इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच राखीव केलं. त्यामुळे गोंदियातल्या गावाला वनहक्काच्या दाव्यासाठी तहसिलात निस्तार पत्रक सापडतं. अकोल्यातल्या गावाला जुने नकाशे, वनविभागाच्या कार्य आयोजना, चराईच्या पावत्या आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब यांवर उभं राहावं लागतं. दावा तिथेही होतो, पण मेहनत जास्त पडते.

तिसरं कारण हक्कांचं. गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा कायदेशीर हक्क (प्रश्न ४). तिथला ठेकेदार ग्रामसभेशी बोलतो. जिथे हक्क नाही तिथे तोच ठेकेदार वनविभागाशी बोलतो आणि गावकरी मजूर म्हणून उरतात.

चौथं कारण संघटनेचं. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. एकट्या टोल्याला, म्हणजे छोट्या वस्तीला, जो भाव मिळत नाही तो एकत्र बसलेल्या गावांना मिळतो, हे तिथे दिसलं.

माझ्या अनुभवात यातलं पहिलं कारण लोकांना वाटतं तेवढं मोठं नाही. पायविहीरचं उदाहरण प्रश्न ११ मध्ये वाचा, म्हणजे लक्षात येईल.

४. माझ्या वडिलांच्या नावे वनजमिनीचा पट्टा मिळाला आहे. तेवढा पुरे ना?

शेतीसाठी पुरे, जंगलासाठी नाही. तो वैयक्तिक हक्क आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाच्या कामाचे आणखी दोन हक्क आहेत. कलम ३(१)(ग) खाली गौण वनोपजाची (तेंदू, मोह, बांबू, मध अशा, इमारती लाकूड सोडून मिळणाऱ्या मालाची) मालकी, गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क येतो. कलम ३(१)(झ) खाली सामूहिक वनसंसाधनाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क येतो. वैयक्तिक दाव्याचा नमुना ‘अ’, सामूहिक हक्कांचा ‘ब’ आणि वनसंसाधनाचा ‘क’. बरीच गावं ‘अ’ भरून थांबतात.

दावा ग्रामपंचायतीचा नसतो, ग्रामसभेचा असतो, आणि ती टोल्याचीही असू शकते. या सभेला किमान निम्मे सभासद हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. कोरम नसताना घेतलेल्या ठरावावरून दावे अडकलेले अनेकदा पाहिले आहेत. सह्या घ्यायला रात्री घरोघरी फिरू नका, सभाच नीट भरवा.

५. आमचं गाव पेसामध्ये नाही. मग ग्रामसभेला काय अधिकार?

पेसा हा अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा. विदर्भात अनुसूचित क्षेत्र फक्त चार जिल्ह्यांत आहे: गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावती, तेही काही काही भागांत. गोंदिया, भंडारा, नागपूर, वर्धा, अकोला, वाशीम, बुलढाणा त्यात नाहीत. पण वनहक्क कायद्याला ही अट नाही. तो सगळ्या वनजमिनीला लागू आहे. २०१३ मध्ये गडचिरोलीबरोबर गोंदियातल्या ग्रामसभांनीही स्वतः तेंदू विकला, तो वनहक्काच्या जोरावर.

फरक एवढाच की पेसा गावाला वनहक्काचा पट्टा हातात पडायच्या आधीही गौण वनोपजाबद्दल बोलायला आधार असतो, बिगर-पेसा गावाला पट्ट्याशिवाय काहीच नसतं. म्हणून तुमच्यासाठी नमुना ‘क’ आधी, बाकी सगळं नंतर. गैरआदिवासी कुटुंबांनी तिथे ७५ वर्षं राहत असल्याच्या अटीला घाबरून दाव्यातून बाहेर राहू नये. गाव म्हणून दावा होतो तेव्हा वहिवाट गावाची दाखवायची असते.

६. तेंदूपान वनविभागामार्फत द्यावं की ग्रामसभेने स्वतः विकावं?

हक्क मिळालेला असेल आणि हिशेब लिहिणारी दोन माणसं गावात असतील, तर स्वतः विका. दोन्हीपैकी एक नसेल तर एक वर्ष थांबा.

जुन्या पद्धतीत वनविभाग तेंदू घटकांचा, म्हणजे पान तोडायच्या ठरवलेल्या भागांचा, लिलाव करतो. तोडणाऱ्याला संकलनाचा दर मिळतो, रॉयल्टीची रक्कम नंतर बोनस म्हणून येते. ग्रामसभेने विकलं की मजुरी आणि रॉयल्टी दोन्ही ठेकेदाराकडून थेट गावाला येतात. फायदा इथेच आहे, आणि जोखीमही इथेच. पान फळीवरून, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागेवरून, उचललं आणि पुढचा हप्ता आलाच नाही, ही तक्रार दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावातून येते.

म्हणून करारात चार गोष्टी पक्क्या करा. अनामत तोडणी सुरू होण्याआधी. हप्त्यांच्या तारखा लिहून. वाहतूक परवाना हप्ता खात्यात दिसल्यावरच. आणि कर भावात धरला आहे की वेगळा, हे स्पष्ट शब्दांत. २०१७ मध्ये तेंदूपानावर १८ टक्के जीएसटी बसला, सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. जुना मसुदा तसाच वापरला तर कमी झालेल्या कराचा फायदा ठेकेदाराकडेच राहील.

आता फळीवरचं. मे महिन्यात बाया उजाडायच्या आत जंगलात जातात, दुपारी अंगणात सगळं घर पान जुळवायला बसतं, आणि संध्याकाळी पुडे डोक्यावरून फळीवर येतात. दिवाणजी ओळीने मांडलेले पुडे मोजत जातो. एखादा उचलून हातावर उलटा करतो, ‘पान बारीक आहे’ म्हणतो आणि शेकड्यामागे दोन-चार पुडे बाजूला सारतो. बाजूला सारलेले पुडे परत घरी जात नाहीत, ते फळीवरच वाळतात आणि शेवटी गोणीतच जातात. दोन-चार पुडे किरकोळ वाटतात, पण पूर्ण हंगामाचा आणि सगळ्या घरांचा हिशेब लावा. दिवाणजी ग्रामसभेने नेमलेला असावा आणि बाजूला काढलेल्या पुड्यांची नोंदही वहीत व्हावी. एवढ्या एका गोष्टीने बरंच काही बदलतं.

सीमेवरच्या गावांसाठी एक सूचना. महाराष्ट्रात पुडा ७० पानांचा, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात ५० पानांचा. प्रमाण गोणी दोन्हीकडे १,००० पुड्यांची. म्हणजे आपल्या गोणीत ७०,००० पानं, त्यांच्या गोणीत ५०,०००. पलीकडचा गोणीचा भाव ऐकून ‘आपल्यालाही तेवढाच मिळतो’ असं समाधान मानू नका, पानांवर भाव काढून बघा.

७. चंद्रपूरच्या पाचगावने तेंदू तोडणंच बंद केलं म्हणतात. खरं आहे का? त्यांचा तोटा झाला असेल ना?

खरं आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. चांगलं पान यावं म्हणून खुटकटाई करतात, आग लावतात, फांद्या छाटतात. त्याने बाकीचं जंगल खराब होतं, झाडाला तेंदूची फळं लागत नाहीत, असं गावाने ठरवलं आणि तेंदू सोडला. उत्पन्न बांबूवर उभं केलं.

हा निर्णय सगळ्यांनी घ्यावा असं मी म्हणणार नाही. पाचगावकडे बांबू होता. ज्या गावाकडे तेंदूशिवाय उन्हाळ्यात दुसरी मजुरीच नाही, तिथे असा ठराव घरातल्या चुलीवर येतो. पण पाचगावने दाखवलेली रीत घेण्यासारखी आहे: एका मालाचं उत्पन्न काढताना दुसऱ्या किती गोष्टी जळतात, हे त्यांनी सभेत बसून मोजलं. तेंदू चालू ठेवूनही आग बंद करता येते.

८. बांबू कापला तर नाक्यावर गाडी अडवतात. परवाना कोणी द्यायचा?

सामूहिक हक्काच्या जंगलातला बांबू असेल तर ग्रामसभेने. कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपजात येतो, आणि २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. यासाठी धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) लढलं. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला, पण बांबू बाहेर काढायचा परवाना मिळेना. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

नाक्यावर पट्ट्याची प्रत, ग्रामसभेचा ठराव आणि परवान्याचं पान या तीन गोष्टी गाडीत ठेवा. शेताच्या बांधावरचा बांबू वेगळा. २०१७ पासून वनाबाहेर वाढलेला बांबू भारतीय वन अधिनियमाच्या दृष्टीने झाड राहिलेला नाही.

९. मग सागवानही विकता येईल का?

नाही. इमारती लाकूड गौण वनोपजात बसत नाही. ‘हक्क मिळाला, आता साग तोडू’ असं सांगणाऱ्या दलालाला गावात थारा देऊ नका.

१०. मोहफुलाला हमीभाव आहे, तरी बाजारात पडेल भावाने का जातो?

केंद्राची गौण वनोपजाची किमान आधारभूत किंमत योजना २०१३-१४ पासून आहे. मे २०२० मध्ये मोहफुलाचा दर किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केला. पण दर जाहीर होणं आणि खरेदी केंद्र उघडणं यांत अंतर आहे. मार्च-एप्रिलमध्ये फूल पडतं, त्याच दिवसांत घरात पैशाची निकड असते, आणि आठवडी बाजारात व्यापारी पायली घेऊन बसलेला असतो. तो नगद देतो. तेच फूल पावसाळ्यात गावाला जास्त भावाने परत विकत घ्यावं लागतं.

यावर उपाय साठवणुकीचा आहे. ग्रामसभेने किंवा बचतगटाने वेचणाऱ्यांना अर्धे पैसे आगाऊ देऊन फूल ठेवून घेतलं, नीट वाळवलं, कोरड्या खोलीत ठेवलं, की चार महिन्यांत भावातला फरक गावात राहतो. पूर्वी साठ्यावर आणि वाहतुकीवर कारवाईची भीती असायची. राज्याने २०२१ मध्ये मोहफुलावरचे निर्बंध सैल केले. तराजू वापरा, पायली सोडा. आणि झाडाखालचा पाला जाळण्यापेक्षा जाळी बांधा. फूल स्वच्छ मिळतं, माती लागत नाही, जंगल वाचतं.

इथेही प्रदेशाचा फरक आहेच. गडचिरोली-गोंदियात फूल मुबलक, त्यामुळे हंगामात भाव कोसळतो. मेळघाटात बाजार लांब, एका गाडीचं भाडं माल खाऊन टाकतं. तिथे चार-पाच गावांनी मिळून गाडी करणं हाच पहिला नफा.

११. आमच्याकडे जंगल कागदावर आहे, जागेवर उघडा माळ आहे. आम्ही काय विकायचं?

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळचं पायविहीर बघा. २०१२ मध्ये त्यांना १९३ हेक्टरवर हक्क मिळाला तेव्हा तिथे सांगण्यासारखं जंगल नव्हतं. गावाने रोजगार हमीतून पाणी-मातीची कामं केली, झाडं लावली, चराई आणि कुऱ्हाडीला स्वतःच बंदी घातली. खोज संस्थेची साथ होती. माळावर सीताफळं होतीच. ती जपली, प्रतवारी करून ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मोठ्या शहरांत पाठवली. २०१४ मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

वऱ्हाडातल्या गावांना मी हेच उदाहरण आधी सांगतो. गडचिरोलीसारखं जंगल नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. सीताफळाला रस्ता आणि शहर जवळ लागतं, आणि ते पश्चिमेकडे आहे.

१२. मेळघाटातून खाली पाणी जातं, त्यावर शहरं जगतात. त्याचे पैसे आम्हाला का मिळू नयेत?

मिळायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाण्यात पसरला आहे. तिथलं विहिरीचं पाणी खारट. त्या गावांची तहान मेळघाटच्या कुशीतल्या वान आणि शहानूर धरणांवर भागते. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना वानचं पाणी जातं, अंजनगाव-दर्यापूरकडे शहानूरचं. ते पाणी स्वच्छ आणि धरण गाळाविना राहतं, कारण वर जंगल उभं आहे. पाणीपट्टी खाली जमा होते. वर जंगल राखणाऱ्या कोरकू गावापर्यंत तिचा रुपयाही येत नाही.

देशात असा करार झालेला आहे. हिमाचलमधल्या पालमपूर नगर परिषदेने तिला पाणी देणाऱ्या झऱ्याचं पाणलोट राखणाऱ्या बोहल गावच्या समितीशी २०१० मध्ये करार करून दरवर्षी पैसे देण्याचं मान्य केलं. एक झरा, एक शहर, एक समिती, म्हणून ते जमलं. वानसारख्या धरणावर वरची गावं अनेक, खालची शेकडो, मधे तीन-चार खाती. तरीही नगरपालिकेने पाणीपट्टीतून थोडा भाग वरच्या ग्रामसभांच्या पाणलोट कामाला द्यावा, असा ठराव दोन्ही बाजूंनी करायला कुठलाही कायदा आड येत नाही. वरच्या गावांनी आधी एक काम करावं: नाला कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो याची दरवर्षी नोंद ठेवावी. बोलायला बसाल तेव्हा हाच पुरावा लागेल.

१३. भंडारा-गोंदियाकडे जंगलाचा पाण्याशी असा संबंध आहे का?

आहे, आणि तो जास्त जवळचा आहे. माजी मालगुजारी तलाव, आपले मामा तलाव, जंगलाच्या पायथ्याशी बांधलेले आहेत. कोहळी समाजाने बांधलेल्या नवेगाव बांधपासून गावच्या छोट्या बोडीपर्यंत सगळ्यांचा आधार वरचं पाणलोट. वर झाडं असतील तर तलाव गाळाने भरत नाही, धानाला शेवटचं पाणी मिळतं आणि ढिवर समाजाच्या संस्थांना मासळी मिळते. म्हणजे जंगलाचा पैसा इथे धानाच्या पोत्यात आणि मासळीच्या टोपलीत येतो, जंगलाच्या नावावर तो कुठेच लिहिला जात नाही. तलावांचा कारभार बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषद किंवा पाटबंधारे खात्याकडे असल्याने ग्रामसभा मागे राहते. वनहद्दीत तलाव असेल तर नमुना ‘ब’ मध्ये मासळी आणि पाणवठ्याचा हक्क जरूर मागा. कायद्यात तो स्पष्ट लिहिलेला आहे.

१४. ताडोबाला एवढी गर्दी, मग शेजारच्या गावांची गरिबी का जात नाही?

विदर्भात पाच व्याघ्र प्रकल्प आहेत: मेळघाट, पेंच, ताडोबा-अंधारी, नवेगाव-नागझिरा आणि बोर. पर्यटनाचा पैसा त्यांत फार असमान पडतो. ताडोबात वाघ दिसतो, नागपूरहून रस्ता चांगला आहे, म्हणून रिसॉर्ट तिथे. मेळघाट १९७३-७४ च्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला, पण डोंगराळ; तिथे वाघ दिसणं कठीण, पाहुणा चिखलदऱ्याची हवा खाऊन परत जातो.

ताडोबाच्या आत फरक गेटचा आहे. गेट ज्या गावात, तिथल्या पोरांना गाइडचं आणि जिप्सीचं काम. गेटपासून आठ-दहा किलोमीटर लांबच्या गावाला पाहुणा मिळत नाही. वाघ, रानडुक्कर आणि पंचनामा मात्र मिळतो. प्रवेश शुल्काचा पैसा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानात जातो, आणि गावांसाठी २०१५ पासून राज्याची जन-वन विकास योजना आहे. तुमच्या परिस्थितिकीय विकास समितीने प्रतिष्ठानाला लेखी विचारावं की गेल्या वर्षी कोणत्या गावावर किती खर्च झाला. वाटप गेटच्या अंतरावर नको, नुकसानीच्या पंचनाम्यांवर व्हावं, ही मागणी मला रास्त वाटते.

१५. गाव अभयारण्यात आहे. आम्हाला वनोपज विकता येईल का?

इथे दोन कायदे एकमेकांना भिडतात. वनहक्क कायदा अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे, त्यामुळे दावा करता येतो. व्याघ्र क्षेत्रात हक्क देऊ नयेत असं २०१७ मध्ये आलेलं पत्र २०१८ मध्ये मागे घेण्यात आलं. मात्र वन्यजीव कायदा अभयारण्यातली वनोपज घरगुती गरजेपुरतीच नेऊ देतो, आणि वनविभाग त्यावर बोट ठेवतो. आधी हक्क मान्य करून घ्या, व्यवस्थापन आराखडा सादर करा, विक्रीची सुरुवात मध किंवा मोहफुलासारख्या झाड न दुखावणाऱ्या मालापासून करा. बांबू-तेंदूची विक्री वकिलाच्या सल्ल्याशिवाय काढू नका.

१६. खाणीसाठी जंगल गेलं तर कंपनी जंगलाची किंमत भरते ना? ती गावाला मिळते का?

कंपनी ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरते, म्हणजे जंगल गेल्याने पुढे बुडणाऱ्या सेवांची आजच्या हिशेबातली किंमत. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख असे दर ठरवले. जानेवारी २०२२ मध्ये ते सुमारे दीडपट झाले. दर जंगलाच्या प्रकारावर आणि दाटीवर असतो. आर्द्र पानझडी जंगल वरच्या वर्गात, शुष्क पानझडी त्याखाली, काटेरी सर्वांत खाली. अभयारण्यात पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. म्हणजे भामरागडचं घनदाट जंगल आणि बुलढाण्याचं विरळ जंगल यांचे सरकारी दरही वेगळे.

हा पैसा २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्याखाली जमा होतो. ९० टक्के राज्याकडे, १० टक्के केंद्राकडे. तिथून तो वनविभागाच्या कामांना जातो. ज्या गावाचं मोहाचं झाड गेलं त्या गावाला त्यातून थेट वाटा नाही. शिवाय वनीकरण दुसऱ्याच तालुक्यात, कधी तुमच्याच सामूहिक हक्काच्या जमिनीवर सागाची रांग लावून होतं. तसं होत असेल तर ग्रामसभेचा ठराव तातडीने करा. आपल्या वनसंसाधनाचं व्यवस्थापन ठरवण्याचा हक्क ग्रामसभेचा आहे (प्रश्न ४).

१७. विदर्भात जंगल जास्त, म्हणून राज्याला केंद्राकडून काही मिळतं का?

मिळतं. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाट्यात वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला, पंधराव्याने तो १० टक्के केला. तो पैसा राज्याच्या तिजोरीत इतर पैशांत मिसळतो, कोणत्या जिल्ह्याच्या जंगलामुळे आला ते पुढे कोणी बघत नाही. जंगल सर्वांत जास्त गडचिरोलीचं, पण त्या नावाने गडचिरोलीला वेगळी ओळ नाही.

१८. कार्बन क्रेडिटवाले गावात आले आहेत. सही करायची का?

आज नाही. आधी कराराची मराठी प्रत मागा आणि ती सभेत मोठ्याने वाचून घ्या.

कार्बन क्रेडिट म्हणजे हवेतला कार्बन साठवल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र. ते उभ्या झाडाचं मिळत नाही. प्रकल्पामुळे जास्तीचा किती कार्बन साठला, त्याचं मिळतं. म्हणून ज्या गावाने आधीच जंगल नीट राखलं आहे त्याच्या वाट्याला कमी, आणि उजाड जमीन हिरवी करणाऱ्याच्या वाट्याला जास्त येतं. दाट जंगलवाल्या गडचिरोलीपेक्षा इथे वऱ्हाडातल्या उघड्या माळाला अधिक वाव आहे. हा अन्याय वाटतो, आणि आहेच, पण बाजार असाच चालतो.

कराराची मुदत तीस-चाळीस वर्षांची असू शकते. त्या काळात बांबू कापायचा की नाही, गुरं कुठे चारायची, हे कोण ठरवणार ते वाचा. वाटा एकूण विक्रीतला की खर्च वजा जाता उरलेल्यातला, तेही वाचा. ‘खर्च वजा जाता’ असेल तर खर्चाला मर्यादा लिहून घ्या. जंगल जळालं तर भरपाई कोणी करायची? आणि वनहक्क कायद्यात कार्बनचा शब्दही नाही, त्यामुळे सामूहिक जंगलातल्या कार्बनची मालकी हा उघडा प्रश्न आहे. ज्याचा हक्क अजून मान्य नाही अशा गावाने तर सहीचा विचारही करू नये. स्वतःच्या शेतात झाडं लावायचा करार असेल तर गोष्ट सोपी, कारण जमीन तुमची.

२०२३ मध्ये आलेला ‘ग्रीन क्रेडिट’ कार्यक्रम हा वेगळा सरकारी प्रकार आहे. दोन्ही एकच आहेत असं सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारूच नका.

१९. आमच्या गावाजवळचं झुडपी जंगल हे जंगल की महसुलाची जमीन?

पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत हा घोळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी झुडपी जंगल हे जंगलच असल्याचा निकाल दिला. वादातली जमीन ८६ हजार हेक्टरांहून अधिक होती. डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी वेगळी प्रक्रिया आहे, तुमचं घर किंवा शाळा तशा जमिनीवर असेल तर तहसिलात चौकशी करा. गावासाठी महत्त्वाचं म्हणजे ते जंगल ठरलं की वनहक्क कायद्याच्या व्याख्येतही बसतं. चराई, काटक्या, तरोटा, टेंभरं यांसाठी त्यावर सामूहिक दावा करता येतो, आणि फार थोड्या गावांनी तो केला आहे.

२०. एकच जंगल दोन गावं वापरतात. हक्क कोणाला?

दोघांनाही. दावे एकमेकांवर आले तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वापराची रीत बघायची आणि निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला लिहून द्यायचा, असं नियमांत सांगितलं आहे. तरीही मिटलं नाही तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जातं. नकाशावर रेघ मारायची घाई करू नका. मोह एका गावाने वेचायचा, चराई दोघांनी, बांबू आलटून-पालटून, अशी वाटणी अनेक ठिकाणी आधीपासून चालत आलेली असते. तीच शब्दशः लिहा, दोन्ही सभांच्या सह्या घ्या आणि दोन्ही दाव्यांना जोडा.